दीर रिपब्लिकन, भाऊ व्हिसावर. डोहाळजेवण कसं करू?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझे थोरले दीर १९९८ साली एच-वन-बी, म्हणजे नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर इथे आले, २०११ पासून नागरिक आहेत. २०२० आणि २०२४, दोन्ही वेळा त्यांनी ट्रम्प यांना मत दिलं. माझा धाकटा भाऊ आज एच-वन-बीवर आहे, त्याची बायको एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, आणि मार्चमध्ये त्यांना बाळ होणार आहे. यंदा दिवाळीच्या फराळाला सगळे आमच्याकडे होते. नव्या एच-वन-बी अर्जांवरच्या एक लाख डॉलरच्या फीवरून विषय निघाला तो जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर गेला, मग टॅरिफवर, मग ठप्प झालेल्या सरकारी कामकाजावर. भाऊ म्हणाला, ‘तुमचं काम झालं, आता मागच्यांसाठी दार लावून घेताय.’ दीर म्हणाले, ‘तू या देशात पाहुणा आहेस, पाहुण्यासारखा राहा.’ भाऊ-भावजय ताटं तशीच टाकून निघून गेले. रटगर्समध्ये एमएस करणारी जाऊबाईंची भाची कोपऱ्यात बसून होती, ती एक अक्षर बोलली नाही. जानेवारीत भावजयीचं डोहाळजेवण मला माझ्या घरी करायचं आहे. जाऊबाईंना ओटी भरायला यायचंय, पण दिरांचं नाव काढलं की भाऊ फोन ठेवतो. नवरा म्हणतो, यापुढे घरात राजकारण बोलायचंच नाही असा नियम करून टाकू. मला ते पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही.
– एक वाचक, एडिसन

उत्तर:

ताई, तुमच्या यजमानांचा हेतू चांगला आहे, पण तो नियम करू नका. नुसता निवडणुकीच्या गप्पांचा कंटाळा आला असता तर मीही म्हटलं असतं, विषय बदला, पत्ते काढा. इथे वाद तुमच्या भावजयीच्या पोटातल्या बाळाच्या नागरिकत्वाचा आहे. तो घराबाहेर ठेवायचा म्हणजे तिने स्वतःच्या डोहाळजेवणात आपल्या सगळ्यात मोठ्या काळजीबद्दल तोंड मिटून बसायचं. दिरांना गप्प बसणं जड जाणार नाही, त्यांच्या खिशात अमेरिकेचा पासपोर्ट आहे. गप्प बसण्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. तुमच्या घरात तो नेमका तिच्यावर पडेल.

त्या संध्याकाळी भांडण ज्या फीवरून पेटलं, तिच्यापासून सुरुवात करते. १९ सप्टेंबर २०२५ ला, शुक्रवारी, ट्रम्प यांनी घोषणापत्रावर सही केली: नव्या एच-वन-बी अर्जामागे कंपनीने एक लाख डॉलर भरायचे, आणि अंमल शनिवारची मध्यरात्र उलटताच. वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक तिथेच ही रक्कम दरवर्षी भरायची असं बोलून गेले. मग एकच धावपळ उडाली. बड्या कंपन्यांनी सुट्टीवर भारतात गेलेल्या कर्मचाऱ्यांना ताबडतोब परत या, असं कळवलं. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाऊसच्या प्रवक्त्या कॅरोलाइन लेव्हिट यांनी खुलासा केला: रक्कम एकदाच, फक्त नव्या अर्जांना, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही, मुदतवाढीला नाही. आणि २० ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दिवाळीत, इमिग्रेशन खात्याने आणखी स्पष्ट केलं की अमेरिकेतच राहून जो आपली स्थिती बदलून घेतो, समजा एफ-वन या विद्यार्थी-व्हिसावरून एच-वन-बीवर जातो, त्याच्यासाठीही ही रक्कम भरावी लागत नाही.

याचा अर्थ असा की तुमच्या भावाच्या मुदतवाढीला ती फी नाही, आणि इथेच राहून नोकरी मिळाली तर कोपऱ्यात बसलेल्या त्या मुलीलाही नाही. ज्यावरून ताटं टाकून उठायची वेळ आली, त्यातल्या बऱ्याच भागाचं उत्तर त्याच आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर पडलेलं होतं. मी कुणा एकाला दोष देत नाही. व्हॉट्सॲपवर त्या दिवसांत जे फिरत होतं ते वाचून शहाणी माणसंही गांगरली. पण म्हणूनच तुमच्या घरी पुन्हा हा विषय निघाला तर आग्रह धरा की आधी तो आदेश काढून वाचायचा आणि मग बोलायचं. मूळ कागद बहुतेक वेळा चार-पाच पानांचा असतो. दीर आणि भाऊ, दोघांचंही इंग्रजी उत्तम आहे.

कागद समोर आला की आणखी एक गोष्ट दिसू लागते. एकाच निर्णयाबद्दल तीन वेगळे प्रश्न असतात आणि आपण त्यांची खिचडी करतो. धोरण योग्य आहे का? राष्ट्राध्यक्षाला एकट्याने ते करण्याचा अधिकार आहे का? आणि ज्या रीतीने ते राबवलं ती रीत बरी होती का? एच-वन-बीचा गैरवापर होतो, स्वस्तात माणसं आणून इथल्यांची नोकरी घालवली जाते, असं तुमच्या दिरांना वाटत असेल तर त्यात गैर काही नाही. डाव्या बाजूचे बर्नी सँडर्सही २०२५ च्या सुरुवातीला हेच म्हणत होते. उलट डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांच्याच गोटात मस्क आणि रामस्वामी या व्हिसाच्या बाजूने, तर स्टीव्ह बॅनन विरोधात असा जाहीर सामना झाला. या फीविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत यू.एस. चेंबर ऑफ कॉमर्स आहे, ती तर उद्योगपतींची संघटना. तेव्हा ‘रिपब्लिकन म्हणजे हे’ आणि ‘डेमोक्रॅट म्हणजे ते’ असं धरून दोघं भांडत असतील तर ते नसलेल्या माणसांशी भांडताहेत. शुक्रवारी सही आणि रविवारपासून अंमल ही रीत मात्र मला अक्षम्य वाटते. फी असावी असं मनापासून मानणाऱ्यालाही तसं वाटायला हरकत नाही. दिरांना हा तिसराच प्रश्न विचारून बघा. माझा अंदाज आहे, ते तुमच्याशी सहमत होतील.

आता बाळाबद्दल. इथे मी सविस्तर लिहिते, कारण भावजयीला हे नीट माहीत असायला हवं.

२० जानेवारी २०२५ रोजी, शपथ घेतली त्याच दिवशी, ट्रम्प यांनी एक आदेश काढला. आई बेकायदा राहत असेल, किंवा कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला जन्माने नागरिकत्व नाही. अनेकांना वाटतं हा आदेश फक्त बेकायदा आलेल्यांसाठी आहे. तसं नाही. एच-फोरवरची आई आणि एच-वन-बीवरचे वडील त्यात सरळसरळ येतात. तुमच्या दिरांना हे ठाऊक होतं का, हे त्यांना शांतपणे विचारा. पुष्कळ मतदारांना ते ठाऊक नाही.

आदेशानंतर तीनच दिवसांनी सिॲटलचे न्यायाधीश जॉन कॉफेनॉर यांनी तो रोखला, ‘उघडउघड घटनाबाह्य’ अशा शब्दांत. त्यांना रोनाल्ड रेगन यांनी नेमलं होतं. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी खालच्या न्यायाधीशांचा देशभर मनाई देण्याचा अधिकार आवळला, पण आदेश घटनेला धरून आहे की नाही यावर काही म्हटलं नाही. त्या निकालाच्या बातम्यांनीच बहुतेक तुमच्या भावाची झोप उडाली असेल. पण १० जुलैला न्यू हॅम्पशायरचे न्यायाधीश जोसेफ लाप्लांट यांनी सगळ्या संबंधित बाळांचा एक गट मानून तो आदेश पुन्हा थांबवला. त्यांची नेमणूक धाकट्या बुश यांची. ५ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण सुनावणीला घेतलं आहे. डिसेंबर २०२५ च्या मध्यावर मी हे लिहिलं तेव्हा आदेश लागू नव्हता.

मूळ प्रश्न जुना आहे. यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, चौदावी घटनादुरुस्ती आली: इथे जन्मलेला आणि इथल्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेला तो नागरिक. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईवडिलांच्या पोटी जन्मलेला वाँग किम आर्क नावाचा एक तरुण स्वयंपाकी १८९५ मध्ये चीनहून परतला, तेव्हा त्याला बंदरातच अडवलं गेलं. तो काळ चिनी लोकांना देशात येऊ न देण्याच्या कायद्याचा. त्याचे आईवडील नागरिक होऊच शकत नव्हते. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की तो नागरिक आहे. आज सरकारचं म्हणणं असं, की वाँगच्या आईवडिलांचं कायमचं बिऱ्हाड इथे होतं, व्हिसावरच्यांचं तसं नाही. हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. दुरुस्तीच्या मजकुरात बिऱ्हाडाचा उल्लेख नाही, आणि तुमचा भाऊ वर्षानुवर्षं इथे संसार करतोय. पण तो युक्तिवाद आहे, शिवी नाही. दिरांनी तो मांडला तर भावाने ऐकून घ्यावा आणि वाँगचा खटला पुढे ठेवावा. असा वाद झाला असता तर कुणी ताट टाकून उठलं नसतं.

दिरांच्या बाजूचंही बोलते, कारण तुमच्या पत्रात ती बाजू दोनच ओळींत उरकली आहे. डिसेंबर २०२३ या एका महिन्यात दक्षिण सीमेवर गस्ती पथकाने सुमारे अडीच लाख लोकांना अडवलं होतं. मार्च २०२५ मध्ये तो आकडा सात हजारांच्या आसपास आला. सीमेवर ताबा हवा म्हणून ज्याने मत दिलं, त्याला आपल्या मताचं फळ मिळालं असं वाटणं साहजिक आहे. ‘आम्ही रांगेत उभे राहिलो’ असं ते म्हणत असतील तर तेही खरं आहे. मात्र ५ फेब्रुवारीला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यातल्या अनेकांच्या हातात बेड्या आणि पायात साखळ्या होत्या, ते त्यांनी पाहिलं असेल. बेकायदा आलेल्याला परत पाठवणं मला मान्य आहे. गुन्हा न केलेल्या माणसाला तासन् तास साखळीत बसवणं मान्य नाही, मग ती पद्धत आधीच्या राष्ट्राध्यक्षांच्या काळापासून असली तरी.

आणि हो, भावाचं ‘दार लावून घेतलं’ हे वाक्य अन्यायाचं आहे. त्याच्या ग्रीन कार्डाची रांग दिरांच्या मताने लांबलेली नाही. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, आणि एका देशाला त्यातली सात टक्के, ही मर्यादा काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची आहे. ईबी-टू या उच्चशिक्षितांच्या गटात भारतीयांची तारीख डिसेंबर २०२५ मध्ये २०१३ वर अडकलेली होती. ओबामा आले, ट्रम्प आले, बायडन आले, पुन्हा ट्रम्प आले, रांग तशीच. जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात सात टक्क्यांची अट काढणारं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. एवढं मोठं बहुमत दोन्ही पक्षांची मतं असल्याशिवाय होत नाही. पुढे त्याचा कायदा झाला नाही. या एका प्रश्नावर तुमचे दीर आणि भाऊ एका बाजूला असायला हवेत.

पण दिरांचं वाक्य त्याहून वाईट होतं, आणि मी दोन्ही वाक्यं एकाच तराजूत घालणार नाही. १९९८ मध्ये ते आले तेव्हा वायटूकेची, म्हणजे २००० साल उजाडताना संगणक बिघडू नयेत म्हणून चाललेल्या कामांची धामधूम होती. त्याच वर्षी काँग्रेसने एच-वन-बीची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १,१५,००० केली, पुढे २००१ ते २००३ साठी ती १,९५,००० झाली. त्या काँग्रेसमध्ये बहुमत रिपब्लिकन पक्षाचं होतं. म्हणजे दिरांसाठी दार उघडणारे त्यांच्याच पक्षाचे लोक होते. १९९८ ते २०११ या तेरा वर्षांत बहुतेक काळ तेही व्हिसाच्या आणि अर्जाच्या तारखा मोजत राहिले असतील. ‘पाहुण्यासारखा राहा’ असं त्या वर्षांत त्यांना कुणी म्हटलं असतं, तर? तुमचा भाऊ सोशल सिक्युरिटी भरतो, मेडिकेअर भरतो, आयकर भरतो. त्याला मत नाही, एवढाच फरक. ज्याला मत नाही त्याला निदान आप्तांच्या घरात तरी बोलता आलं पाहिजे.

आणि ती कोपऱ्यातली मुलगी. तिच्या गप्प राहण्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत, पण मी तिथेच थांबले. २०२५ च्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारी यंत्रणेतून अचानक रद्द झाल्या. कोर्टात दावे पडल्यावर एप्रिलच्या अखेरीस त्या परत चालू करण्यात आल्या. जूनपासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांनी आपली समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवावीत, असा नियम आला. अशा वर्षात एफ-वनवरची मुलगी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांविषयी चारचौघांत मत देईल कशी? तिला मत नाही असं समजू नका. डोहाळजेवणाला ती आली तर तिला स्वयंपाकघरात हाताशी घ्या आणि तिथे विचारा. आणि घरातल्या वादाचा व्हिडिओ कुणी काढणार नाही, कुठल्या ग्रुपवर टाकणार नाही, हे मात्र सगळ्यांना आधीच बजावा. नियमच हवा असेल तर हा करा.

वादाला एक कसोटीही लावा, ती दोघांनाही सारखीच टोचेल: समोरच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाने हेच केलं असतं तर मी काय म्हटलं असतं? २०२२ मध्ये बायडन यांनी सुमारे ४०० अब्ज डॉलरची विद्यार्थी-कर्जं माफ करायची ठरवली, २००३ च्या एका कायद्याचा आधार घेऊन. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजना सहा-तीनने फेटाळली, एवढा अधिकार काँग्रेसने दिलेलाच नाही म्हणून. तेव्हा दीर खूश झाले असतील आणि भाऊ चिडला असेल. आता अमेरिकेच्या १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्यावर बोट ठेवून ट्रम्प यांनी जगभर आयातकर लावले. भारतीय मालावर २७ ऑगस्ट २०२५ पासून ते ५० टक्के झाले. सर्वोच्च न्यायालयात ५ नोव्हेंबर २०२५ ला त्यावर युक्तिवाद झाले. प्रश्न तोच: काँग्रेसने हा अधिकार दिला होता का? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही सवय दोघांनाही आहे. क्षमेचंही तसंच. बायडन यांनी जाता जाता स्वतःच्या मुलाला क्षमा केली. ट्रम्प यांनी आल्या दिवशी ६ जानेवारी २०२१ च्या संसदेवरच्या हल्ल्यातल्या सुमारे दीड हजार जणांना क्षमा केली. या दोन्ही गोष्टी मी एका मापाच्या मानत नाही. पोलिसांना मारहाण करणाऱ्यांची सुटका मला कितीतरी गंभीर वाटते. तरीही भाऊ बायडन यांच्या क्षमेबद्दल चकार शब्द काढणार नसेल, तर दुसरीबद्दल त्याचं दीर ऐकणार नाहीत.

आता डोहाळजेवण. भावजयीला विचारल्याशिवाय दिरांना बोलावू नका. कार्यक्रम तिचा आहे, ‘नको’ म्हणण्याचा हक्क तिचा आहे. जाऊबाईंना मात्र बोलवा आणि ओटी त्यांनाच भरू द्या. त्यांनी काही म्हटलेलं नाही. भावाला सांगा, एका इमिग्रेशन वकिलाची वेळ आत्ताच घे. दोघांचे मंजुरीचे कागद, आय-नाइन्टीफोर ही देशात आल्याची नोंद, लग्नाचा दाखला एका फाइलमध्ये ठेव, आणि बाळ झाल्यावर न्यू जर्सीचा जन्मदाखला हातात पडताच पासपोर्टचा अर्ज टाक. सुनावणीच्या बातम्या भावजयीने रोज बघू नयेत. तिच्या वतीने त्या वाचून आठवड्यातून एकदा तिला सांगायचं काम तुम्ही घ्या.

भावाला त्याच्या वाक्याबद्दल तुम्ही बोला, तुम्ही त्याची मोठी बहीण आहात. दिरांना मात्र तुम्ही फोन करायचा नाही. तो तुमच्या यजमानांनी करायचा. घरात विषयच नको म्हणत ते आजवर सुटले आहेत, पण ते वाक्य त्यांच्या घरात, त्यांच्या दादाने, त्यांच्या मेहुण्याला ऐकवलं. त्यांनी दादाला सांगावं: ‘ट्रम्पना मत दे, त्यावर आपण रात्रभर भांडू, पण माझ्या घरात तो पाहुणा नाही, आणि हे तू स्वतः त्याला फोन करून सांगायचंस. फोन झाला आणि भावजय हो म्हणाली, तर दोघंही या. नाही तर वहिनी एकटी येईल, तिला आणायला मी येतो.’ आणि जमलं तर दादाने आणखी एक करावं: आपल्या पक्षाच्या एखाद्या काँग्रेस सदस्याला, रिपब्लिकन मतदार म्हणून, त्या सात टक्क्यांच्या अटीबद्दल पत्र लिहावं. मसुदा भावाकडे तयार असेल. बारा-तेरा वर्षांची रांग ज्याच्या समोर आहे, त्याला ती आकडेवारी पाठ असते.